मेगच्या गाठीची काच

एल्स्पेट काउईला नासलेलं मांस ओळखता येत नाही, असं एका डॉक्टरानं कागदावर लिहून दिलं होतं. अहो, जी बाई पंधराव्या वर्षापासून बंदरावर हेरिंग साफ करत आली, मिनिटाला पन्नास मासे, आणि नुसत्या बोटाच्या दाबानं सांगायची की हा आजचा, हा कालचा, तिला हे शिकवायला निघाले होते! टॉरीत, तिच्या कोळ्यांच्या गावात, एरवी कुणाला हे सांगितलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. पण त्या वेळी कुणी हसलं नाही. टॉरीनं ते खरं मानलं आणि सोळा वर्षं खरं मानलं.

हेरिंगच्या कामाला बायकांची तिघींची टोळी लागायची. दोघी सुरीनं मासा फाडून आतडी काढायच्या आणि तिसरी पिंपात मिठाचे थर देत मासे रचायची. एल्स्पेट आणि मेग लायपर सुरीवर, मेगची धाकटी बहीण टीनी पिंपावर. टीनी उंच होती, तिचा हात पिंपाच्या तळाशी पोचायचा. बोटीच्या मागोमाग तिघी उन्हाळ्यात वर उत्तरेला शेटलंडला आणि पानगळीत खाली दक्षिणेला यार्मथपर्यंत जायच्या. सुरीनं बोटं कापू नयेत, मिठानं भाजू नयेत म्हणून बोटांना चिंध्या बांधायच्या. उजव्या हाताच्या चिंध्या आपल्या आपल्याला बांधता येत नाहीत. त्यामुळे एल्स्पेटच्या मेग बांधायची, मेगच्या टीनी, आणि टीनीच्या एल्स्पेट. अशी आठ वर्षं गेली.

त्या कामात एकच कायदा होता. मासा हातात आला की फाडायचा. मुकादम जेवायला गेलाय, मालक यायचाय, असलं काही ऐकून घ्यायचं नाही. आतडी पोटात राहिली की मासा आतून जातो. बाहेरून तो चांगला चकचकीत दिसतो, वरून लोक हवं तेवढं मीठ टाकतात, पण ते आत पोचायच्या आधी आतला भुगा झालेला असतो. हा कायदा तिघींच्या हातात असा बसला होता की नंतर कुठलंही काम केलं तरी तो सुटला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हेरिंगचा धंदा बसला. मेग आणि टीनी हॅडक माशाच्या कारखान्यात गेल्या. एल्स्पेट नदीपलीकडे, ॲबर्डीनच्या एका इस्पितळात पॅथॉलॉजीच्या खोलीत बाटल्या धुवायला लागली. वर्षभरात तिथल्या लोकांच्या लक्षात आलं की या बाईचा हात काही वेगळा आहे. मग तिला मांसाच्या चकत्या कापायला बसवलं. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये टिकवायचा, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, मग केसाहून पातळ चकती कापून काचेवर घ्यायची आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवायची. पुढे डॉक्टर ती काच मायक्रोस्कोपखाली बघून रोग काय ते सांगणार. एल्स्पेटच्या काचा इतक्या स्वच्छ असायच्या की दुसऱ्या इस्पितळांचे डॉक्टर त्या मागून न्यायचे.

तिथले मुख्य होते डॉ. हेक्टर गॅमी. माणूस हुशार होता, नाही कोण म्हणतं? पण आपण खोलीत नसताना तिथे काही घडू शकतं, हेच त्यांना मान्य नव्हतं. त्यांचा नियम असा की शस्त्रक्रियेतून आलेल्या तुकड्याला त्यांनी स्वतः पाहिल्याशिवाय कुणी पातं लावायचं नाही. तोवर तो अख्खा बरणीत पडून राहील. आदल्याच वर्षी एका सहायकानं घाई केली, तर त्याला त्याच संध्याकाळी घरी बसवलं होतं.

१९६२ सालच्या ऑक्टोबरातल्या एका सोमवारी दुपारी वॉर्डातून एक बरणी आली. आत कोंबडीच्या अंड्याएवढी गाठ होती, मानेतून काढलेली. चिठ्ठीवर नाव मार्गरेट लायपर. मार्गरेट म्हणजे आपली मेग. एल्स्पेटला गाठ ठाऊक होती. सहा आठवड्यांपूर्वी ती वाटाण्याएवढी होती आणि मेग म्हणाली होती, "थंडी बाधली असेल."

एल्स्पेटनं बरणीत ताबडतोब भरपूर फॉर्मलिन ओतलं आणि गॅमींची वाट बघत बसली. गॅमी जेवायला गेले होते. जेवणानंतर कसलीशी बैठक होती. बैठकीनंतर ऊन पडलं होतं आणि ऑक्टोबरात ऊन पडलं म्हणजे गॅमी गोल्फला जाणार, हे इस्पितळाच्या मांजराला सुद्धा माहीत होतं. फॉर्मलिन मांसात तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरतं. अंड्याएवढ्या गाठीच्या मध्यावर ते पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडणार, आणि तोवर आतलं सगळं जाणार. एल्स्पेटनं साडेचारपर्यंत कळ काढली. मग दार लोटलं, गाठ बाहेर काढली आणि पात्याच्या एका ओढीत मधोमध चिरली. दोन्ही अर्धुकं ताज्या फॉर्मलिनमध्ये टाकली, पातं पुसलं, दार उघडलं. तिच्या हातांनी तेच केलं जे ते हात तीस वर्षं करत आले होते.

मंगळवारी गॅमी आले. गाठ चिरलेली बघून त्यांना वाटलं सर्जननंच चिरली असेल. त्यांनी काही विचारलं नाही आणि एल्स्पेट काही बोलली नाही. गुरुवारी काच तयार झाली. गॅमींनी ती मायक्रोस्कोपखाली सरकवली, एक डोळा लावला आणि लगेच हाक मारली.

"मिस काउई, हे काय आहे? जागोजाग काळे ठिपके. पेशी मेल्यात. मांस नासलंय. फॉर्मलिन कधी घातलंत?"

"लगेच, डॉक्टर."

"लगेच म्हणजे चहा झाल्यावर?"

"लगेच म्हणजे लगेच. मी बघू का एकदा?"

त्यांनी खांदे उडवले. एल्स्पेटनं डोळा लावला आणि काच इकडून तिकडे, कडेपासून मध्यापर्यंत सरकवून पाहिली. ठिपके होते, खूप होते. पण नासकं मांस तिला चांगलं ठाऊक होतं. नासताना सगळं एकदम जातं, शेजारपाजारासकट. पेशी फुगतात, फुटतात, रंग धरत नाहीत, सगळा चिखल होतो. इथे तसलं काही नव्हतं. एक पेशी मेलेली आणि तिला खेटून बसलेल्या दहा पेशी ठणठणीत. मेलेली फुगलेली नव्हती, उलट आक्रसून, गडद होऊन, तिचे चार-पाच मणी झालेले. आणि ते मणी शेजारच्या मोठ्या पेशीनं गिळून पोटात घेतलेले. कुठे सूज नाही, सांडलवंड नाही. जणू एकेका पेशीनं आपलं आपण आवरून घेतलं होतं.

"डॉक्टर, नासलेलं असं दिसत नाही," ती म्हणाली. "नासलेलं सगळं मिळून नासतं. ह्या एकेकट्या मेल्यात. आणि बाईच्या अंगात असतानाच मेल्यात, बरणीत नाही."

"वा! आता निदानही तुम्हीच करणार का?"

"मी फक्त नासलेलं म्हणजे काय ते सांगते."

"ते मासळी बाजारात सांगा." आणि त्यांनी कागदावर लिहिलं: नमुना प्रयोगशाळेत खराब झाला, मत देता येत नाही, पुन्हा पाठवावा.

एल्स्पेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका वाक्यात तिला त्यांचं तोंड बंद करता आलं असतं. ही गाठ मी सोमवारीच चिरली, मध्यापर्यंत फॉर्मलिन त्याच संध्याकाळी पोचलं, मग ती नासेल कशी? पण तेच वाक्य बोललं की नोकरी गेली. घरात आई अंथरुणाला खिळलेली. ती गप्प बसली.

शनिवारी ती मेगकडे गेली. मेग गळ्याला रुमाल गुंडाळून चुलीशी बसली होती. टीनी बटाटे सोलत होती.

"ये गं ये!" मेग म्हणाली. "माझी गाठ म्हणे तुमच्याकडे नासली. बाई गं, सगळा जन्म मी कधी मासा नासू दिला नाही आणि शेवटी मीच नासले!"

"गप बस," टीनी म्हणाली. "एल्स्पेट, कोण गाढव बसवलंय गं तिथे? तू नव्हतीस का त्या दिवशी?"

"होते," एल्स्पेट म्हणाली.

"मग?"

"मग काय, बघते मी."

"बघ बाई. दुसऱ्या बाजूलाही आता हाताला लागतंय काहीतरी," मेग म्हणाली आणि हसून तिनं रुमाल सैल केला. एल्स्पेटनं बोट लावून पाहिलं. लागत होतं.

रविवार तिनं आईची अंथरुणं बदलण्यात आणि स्वतःला शिव्या घालण्यात घालवला. सोमवारी सकाळी ती गॅमींच्या दारात उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. कधी चिरली, कशी चिरली, किती फॉर्मलिन. "गाठ ताजी आहे डॉक्टर. नियम मोडला त्याचं काय करायचं ते माझं करा. पण ती काच पुन्हा एकदा नीट बघा. बाईच्या मानेत दुसरी गाठ येतेय."

आता कुठलाही माणूस काय करेल? उठेल आणि काच बघेल. ती काच चार पावलांवर ट्रेमध्ये पडली होती, हो! गॅमींनी पेन उचललं. पंधरा मिनिटांत एक कागद टाइप होऊन आला, त्यावर दोन आरोप. एक, मिस काउई यांनी परवानगीशिवाय नमुना कापला. दोन, मिस काउई यांच्या निष्काळजीपणामुळे नमुना नासला. म्हणजे गाठ चिरली म्हणून दोष आणि चिरली नसती तर जे झालं असतं त्याचाही दोष! दोन्ही एकाच गाठीवर, एकाच दिवशी, एकाच बाईच्या माथी. आणि खाली सहीची जागा.

"पहिल्यावर सही करते," एल्स्पेट म्हणाली. "दुसऱ्यावर नाही."

"दोन्ही एकाच कागदावर आहेत."

"मग नाही करत."

"मिस काउई, मी तुम्हाला आत्ता घरी पाठवू शकतो."

"पाठवा. आणि उद्याच्या चकत्या तुम्ही कापा."

त्यांनी पाठवलं नाही. कारण उघड होतं, तसा हात दुसरा नव्हता. एक प्रत फायलीत लागली. दुसरी एल्स्पेटनं घडी घालून हातपिशवीत ठेवली.

मेगची दुसरी गाठ काढायला आणखी सतरा दिवस लागले. वॉर्डात खाट नव्हती, मग सर्जन रजेवर होता, मग कुणाची तरी चिठ्ठी हरवली. पहिल्या कागदावर 'खराब नमुना' असं असल्यामुळे कुणालाच घाई नव्हती. गुरुवारपासून मोजले तर तीन आठवडे गेले, आणि तोवर मानेच्या दोन्ही बाजू आणि काख भरून आली होती. दुसरी काच आली तेव्हा त्यात तेच ठिपके होते, तसेच एकेकटे, तसेच आक्रसलेले. या खेपेला गॅमींनी पूर्ण काच बघितली आणि लिहिलं: झपाट्यानं वाढणारा कॅन्सर, मरणाऱ्या पेशी विपुल. पहिल्या काचेबद्दल चकार शब्द नाही. एल्स्पेटनं आठवण करून दिली तर म्हणाले, "तो विषय संपलाय."

मेगला किरणं दिली. दोन महिने गाठी वितळल्या आणि मेग पुन्हा थट्टा करायला लागली. मग त्या दुपटीनं परत आल्या. मार्चमध्ये ती गेली. तीन आठवडे आधी किरणं मिळाली असती तर वाचली असती का? कुणी सांगू शकणार नाही, आणि एल्स्पेटनंही तसा दावा कधी केला नाही. पण ते तीन आठवडे मेगचे होते आणि ते तिच्याकडून कुणीतरी घेतले.

कुणी घेतले याचं उत्तर टॉरीत तयार होतं. इस्पितळानं घरच्यांना सांगितलं होतं, नमुना प्रयोगशाळेत खराब झाला. प्रयोगशाळेत टॉरीची एकच बाई होती. मेगला पुरलं त्या दिवशी टीनीनं एल्स्पेटकडे पाहिलं नाही. नंतर बेकरीत समोरासमोर आल्या की टीनी आपले खारे पाव उचलायची आणि पाठ फिरवायची. एकदा एल्स्पेटनं तिला पुलावर गाठलं.

"टीनी, ती गाठ नासली नव्हती."

"मग कागदावर तसं का लिहिलंय?"

"लिहिणारा चुकला."

"डॉक्टर चुकला आणि तू बरोबर?" टीनी म्हणाली. "आणून दाखव मग तसं लिहिलेलं. तोवर माझ्या दारात येऊ नकोस."

एल्स्पेटनं दुसरी काही सबब सांगितली नाही. तिनं पहिल्या काचेचा ठोकळा, ज्या मेणात मेगची पहिली गाठ होती तो, कपाटाच्या मागच्या कप्प्यात स्वतःच्या अक्षरात नंबर घालून ठेवला आणि दरवर्षीच्या साफसफाईत तो फेकायला निघालेल्या प्रत्येकाला तिनं असं काही झापलं की कुणी पुन्हा हात लावला नाही.

गॅमी निवृत्त झाले. १९७४ साली डॉ. रोना इमलाक नावाची तरुण डॉक्टर आली. चष्मा नाकावर, केस विस्कटलेले, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "मिस काउई, जुन्या गाठींचे ठोकळे आहेत का हो? मला त्यात मरणाऱ्या पेशी बघायच्यात. एकेकट्या मरणाऱ्या. आक्रसून, मणी होऊन."

एल्स्पेटनं हातातली काच खाली ठेवली. "काय म्हणालात?"

"हसू नका हं. लोक म्हणतात हा रंगाचा दोष आहे नाहीतर मांस नासलंय. पण ते तसं नाही. पेशी दोन तऱ्हांनी मरते. एक म्हणजे मारली जाते, भाजली, चेंगरली, रक्त तुटलं. ती फुगून फुटते आणि आजूबाजूला आग लावते. दुसरी आपण होऊन मरते. तिच्यात मरायची सोय आधीपासूनच असते. वेळ आली की ती स्वतःला बारीक करते आणि शेजारणी तिला गिळून टाकतात. कुणाला पत्ता लागत नाही. याला तर आता एक ग्रीक नावसुद्धा दिलंय, पानं गळतात त्यावरून."

"आपण होऊन? कशाला?"

डॉ. इमलाकनं एल्स्पेटचा हात धरून टेबलावर पसरला. "ही बोटं बघा. आईच्या पोटात हा हात आधी वल्ह्यासारखा असतो, सपाट. मग बोटांच्या मधल्या पेशी ठरल्या दिवशी मरतात, तेव्हा कुठे पाच बोटं सुटी होतात. मेल्या नाहीत तर मूल चिकटलेल्या बोटांचं जन्मतं. तुमच्या आमच्या अंगात आत्तासुद्धा हे चाललंय. जितक्या नव्या तितक्या जुन्या गेल्या पाहिजेत. जायच्या त्या गेल्या नाहीत की गाठ होते. नको तेवढ्या गेल्या तर माणूस झिजतो. ज्या गाठी फार झपाट्यानं वाढतात ना, त्यात हे मरणही खूप दिसतं, पण जन्मणाऱ्या त्याहून जास्त. म्हणून असे ठिपके भरपूर दिसले की डॉक्टरानं पळत सुटायला पाहिजे, एक दिवस घालवता कामा नये."

एल्स्पेट आपल्या हाताकडे बघत राहिली. जुन्या सुऱ्यांचे व्रण, मिठानं भाजलेले डाग, आणि मधली मोकळी जागा जिथून मेग चिंध्या फिरवून बांधायची. मग ती उठली आणि कपाटाच्या मागच्या कप्प्यातून तिनं तो ठोकळा आणला.

त्या संध्याकाळी डॉ. इमलाकनं नवी चकती कापून घेतली आणि तासभर बघितली. "ही तर बघता बघता ओळखू यावी अशी आहे," ती म्हणाली. "आणि मांस किती सुंदर टिकवलंय! कुणी चिरली ही?"

"मी. विचारल्याशिवाय."

"मग ह्यावर 'खराब नमुना' कुणी लिहिलं?"

एल्स्पेटनं हातपिशवीतून कागद काढून पुढे टाकला. डॉ. इमलाकनं वाचला आणि अशी शिवी दिली की मासळी बंदरावरच्या बाईनंही मान वळवून बघावं. "मी उद्या वर पत्र लिहिते. तुमचं नाव साफ करून घेते."

"तुमच्या सहीचा मला काय उपयोग?" एल्स्पेट म्हणाली. "ज्यानं लिहिलं त्यानंच ते खोडायचं. मी थांबते."

डॉ. इमलाकनं तरीही पत्र लिहिलं. वरून उत्तर आलं की इतक्या जुन्या बाबीत लक्ष घालण्याचं प्रयोजन दिसत नाही. वाटाण्याच्या अक्षता! एल्स्पेटनं ते उत्तरही त्याच पिशवीत ठेवलं.

१९७८ साली एल्स्पेट साठीची झाली. निरोपाच्या चहाला भेट काय हवी, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घड्याळ नको. डॉ. गॅमींना बोलवा आणि टेबलावर एक मायक्रोस्कोप ठेवा." लोकांना वाटलं बाई भावनेच्या भरात आहे.

गॅमी आले. पंचाहत्तरीचे, काठी टेकत. भाषण केलं. "आमच्या मिस काउईंचे हात," वगैरे, "अशी निष्ठा," वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर एल्स्पेट म्हणाली, "डॉक्टर, शेवटची म्हणून तीन काचा केल्यात. एक मुद्दाम नासवलेली आहे. कत्तलखान्यातून गाठ आणून दोन दिवस खिडकीत ठेवली होती. बाकीच्या दोन ताज्या. नावं खालच्या बाजूला चिकटवलीत. कुठली नासकी ते सांगाल?"

"परीक्षा घेता होय माझी?" गॅमी खूश होऊन हसले आणि खुर्ची ओढून बसले. सांगायला हवं की माणसाची नजर अजून शाबूत होती. पहिली काच त्यांनी सावकाश बघितली. दुसरी बघितली. तिसरीला अर्धं मिनिटही लावलं नाही. "ही नासकी. सगळा चिखल. या दोन उत्तम, ताज्या, आणि दोन्हीत तोच रोग. मरणाऱ्या पेशी बघा केवढ्या! अगदी उघड केस आहे."

"नक्की?"

"अहो, विद्यार्थीसुद्धा ओळखेल."

एल्स्पेटनं पहिली काच उचलून उलटी केली आणि त्यांच्या हातात दिली. मार्गरेट लायपर, ऑक्टोबर १९६२, पहिला नमुना. दुसरी उलटी केली. मार्गरेट लायपर, दुसरा नमुना. मग हातपिशवीतला कागद काढून, त्याच्या झिजलेल्या घड्या सरळ करून तिनं बशीशेजारी ठेवला.

गॅमींनी कागद वाचला. त्यांचं तोंड उतरलं. ते म्हणाले, "मी त्या दिवशी एक कोपरा पाहिला होता. एकच कोपरा."

"ठाऊक आहे मला. मी शेजारीच उभी होते."

"आणि तुम्ही सांगायला आलात तेव्हा..."

"तेव्हा तुम्ही तोही पाहिला नाहीत. काच चार पावलांवर होती डॉक्टर! उठायचं होतं फक्त! माझ्या मैत्रिणीची मान होती ती, तुमचा गोल्फचा चेंडू नव्हे!" तिचा आवाज इतका चढला की व्हरांड्यातली नर्स आत डोकावली. "सोळा वर्षं मी त्या गावात नासकी म्हणून फिरलेय. आता भाषण पुरे. खालची सहीची जागा अजून रिकामी आहे. मी तेव्हा केली नाही. आता तुम्ही करा. आणि वर काय खरं ते लिहा."

गॅमींनी पेन काढलं. अक्षर सुवाच्य आलं: नमुना ताजा होता, काच निर्दोष होती, चूक माझी, मी ती नीट पाहिली नाही. खाली सही. परवानगीशिवाय कापल्याचा पहिला आरोप त्यांनी खोडायला घेतला, तर एल्स्पेटनं त्यांचा हात धरला. "तो राहू द्या. ते मी केलं होतं."

तिनं केक खाल्ला नाही. टोपी घातली, पूल ओलांडून टॉरीत आली आणि पाचच्या सुमाराला टीनीच्या दारावर थाप मारली. टीनीनं दार उघडलं. अजून तशीच उंच, आता जरा वाकलेली.

"सांगितलं होतं ना येऊ नकोस."

"लिहिलेलं आण म्हणाली होतीस."

टीनीनं कागद घेतला, उजेडाकडे धरला, चष्मा शोधला, पुन्हा वाचला. समुद्रावरून गार वारा येत होता आणि कागद तिच्या हातात फडफडत होता.

"सोळा वर्षं," ती म्हणाली. "हा मेला सोळा वर्षं झोपला होता का?"

"टीनी, त्या कागदात नाही असं अजून एक आहे." एल्स्पेटनं चौकटीला हात टेकला. "गाठ मी सोमवारीच चिरली होती. त्यानं गुरुवारी नासली म्हटलं तेव्हाच मी हे बोलायला पाहिजे होतं. नोकरीच्या भीतीनं मी पुढच्या सोमवारपर्यंत बोलले नाही. शनिवारी तुझ्या चुलीशी बसले, तू विचारलंस, तरी बोलले नाही. चार दिवस."

टीनीनं बोटांवर मोजलं.

"मग त्याचे सतरा दिवस," ती म्हणाली, "आणि चार तुझे."

"हो."

"मी दोन्ही विसरणार नाही."

"विसरू नकोस."

टीनीनं कागदाची घडी घातली आणि एप्रनच्या खिशात टाकली. "ये आत," ती म्हणाली. "दार उघडं राहिलंय, घर गार पडतंय."